वुमन ऑफ कलरसाठी राज्याने आधी काय करावं? तीनच मुद्दे न्यायचेत, मदत करा (न्यू जर्सी)

सोनचाफा_एनजे:
मंडळी मदत हवीये. आमच्या टाऊनची बायकांच्या आरोग्यासाठी एक सल्लागार कमिटी आहे, त्यात साऊथ एशियन बायकांच्या वतीने मला ढकललंय (मंडळाच्या गणपतीत दोनदा माइक हातात धरला की पुढे हे असं होतं). पुढच्या मीटिंगला प्रत्येकीने तीन मुद्दे आणायचेत, राज्याने वुमन ऑफ कलरच्या (म्हणजे गोऱ्या नसलेल्या सगळ्या बायकांच्या) भल्यासाठी आधी काय करावं ते, आणि क्रम लावून आणायचेत. टेबलावर दोन ब्लॅक बायका, एक डॉमिनिकन, एक प्वेर्तो रिकन, एक फिलिपिनो नर्स आणि मी.

मी सुरुवात बाळंतपणातल्या मृत्यूंपासून करणार होते कारण तिथे फरक सगळ्यात उघडा दिसतो. सीडीसीचे (केंद्र सरकारची आरोग्य संस्था) २०२३ चे आकडे काढले. दर १ लाख जिवंत जन्मांमागे आईचे मृत्यू: ब्लॅक ५०.३, गोऱ्या १४.५, हिस्पॅनिक १२.४, एशियन १०.७. आणि जर्सी तर स्वतःच सांगतं की इथे ब्लॅक आईला धोका गोऱ्या आईच्या जवळजवळ सातपट आहे.

आता माझी पंचाईत बघा. आपला आकडा सगळ्यात कमी. मग मी तिथे बसून काय मागू? आपल्या बायकांचं काही मागितलं तर त्या दोघींसमोर ते कसं दिसेल, आणि नाही मागितलं तर मला बसवलंय कशाला? सध्या माझी यादी अशी आहे: १. बाळंतपणानंतरचं वर्ष, म्हणजे इन्शुरन्स, घरी नर्स वगैरे, २. पगारी रजा, ३. एच-४ वाल्या (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या) बायकांची कामाची परवानगी. फोडून काढा.

खवचट_खान्देशी:
पहिला प्रश्न बेसिक. रंगाप्रमाणे वेगळ्या योजना कशाला? बाई म्हटली की सगळ्या आल्या आणि गरीब म्हटलं की सगळे गरीब आले. गरिबांना इन्शुरन्स द्या, बायकांना रजा द्या, ब्लॅक बायकांचं त्यात आपोआप होईल. उगाच प्रत्येक गटाचा वेगळा फॉर्म.

अनुराधा_ह्यूस्टन:
खान्देशी, लेबर अँड डिलिव्हरीला (बाळंतपणाच्या वॉर्डात) नर्स आहे म्हणून बोलते, आपोआप होत नाही हो. सरीना विल्यम्सकडे पैशाची कमी होती का? २०१७ मध्ये मुलगी झाल्यावर दुसऱ्या दिवशी श्वास लागायला लागला, तिला आधी रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या त्यामुळे तिला माहीत होतं काय होतंय, तिने स्वतः सीटी स्कॅन आणि हेपॅरिन (गुठळ्या होऊ न देणारं औषध) मागितलं, आणि नर्सला वाटलं पेनकिलरमुळे बरळतेय. स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. टोरी बोवी, ऑलिंपिकचं गोल्ड मेडल मिळवलेली धावपटू, २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरी एकटी गेली. सीडीसीचाच २०१९ चा रिपोर्ट आहे की ग्रॅज्युएट ब्लॅक बाईला असलेला धोका हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त आहे. आता यात गरिबी कुठे बसवता?

आता उपाय. लोक लगेच म्हणतात डॉक्टरांना ट्रेनिंग द्या, पूर्वग्रह घालवा. द्या की. पण मला विचाराल तर एका दुपारच्या ऑनलाइन कोर्सने कुणाचं मन बदलत नाही, कोर्स मागच्या खिडकीत चालू असतो आणि लोक चार्टिंग (पेशंटच्या नोंदी) करत असतात. बदल होतो तो अंदाजाला जागाच ठेवली नाही की. रक्त किती गेलं ते डोळ्यांनी बघून सांगायचं नाही, पॅड आणि चादरी वजनकाट्यावर ठेवायच्या. वरचं बीपी १६० किंवा खालचं ११० झालं आणि तिथेच राहिलं की तासाभरात औषध गेलंच पाहिजे, बाई कोण आहे, आवाज चढवून बोलते की गप्प पडून आहे याचा संबंध नाही. कॅलिफोर्नियाने २००६ पासून हे सगळ्या हॉस्पिटलांना एकत्र घेऊन केलं, रक्तस्रावाची सामानासकट तयार गाडी प्रत्येक मजल्यावर, सराव, मोजमाप, आणि २०१३ पर्यंत तिथले मृत्यू निम्म्याहून खाली आले, बाकी देशात वाढत असताना.

विदा_वेडा:
अनुराधा, अनुमोदन, फक्त एक जोडतो. कॅलिफोर्नियात सगळ्यांचे मृत्यू कमी झाले पण ब्लॅक आणि गोऱ्या बायकांमधला फरक तसाच राहिला. म्हणजे खान्देशींचं अर्धं बरोबर (सगळ्यांसाठी केलेल्याचा फायदा सगळ्यांना होतो) आणि अर्धं चूक (दरी आपोआप बुजत नाही).

आणि यंत्रसुद्धा निष्पाप नाहीत. बोटाला लावतो ते ऑक्सिमीटर, २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी तपासलं, यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवतंय पण रक्त काढून बघितलं तर कमी, असं ब्लॅक पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा. सावळ्या कातडीवर नीट चालत नसेल तर ते बाजारात आलं कसं हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे बरं का.

सोनचाफा, तुमच्या आकड्यांबद्दल महत्त्वाचं: तो तक्ता ४२ दिवसांना थांबतो. गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांच्या आत गेलेल्या बायकाच त्यात मोजतात. वर्षभरापर्यंतचे मृत्यू राज्यांच्या समित्या एकेक केस उघडून तपासतात, त्यांच्या २०१७ ते २०१९ च्या कामात निम्म्याहून जास्त मृत्यू सातव्या दिवसापासून वर्षापर्यंतच्या काळात निघाले. आणि १०० मधले ८० पेक्षा जास्त टाळता येण्यासारखे होते. हृदय, बीपी, डिप्रेशन, व्यसन. बाई घरी गेलेली असते, फुलं सुकलेली असतात, आणि मग काहीतरी होतं.

पमामावशी:
आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला कुणी उठू देत नसे. आणि इथे काय, माझ्या लेकीला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं आणि सहा आठवड्यांनी या म्हणाले. मी होते म्हणून, नाहीतर कोण बघणार होतं.

वकीलीणबाई:
खवचट_खान्देशी यांच्या 'बाई म्हटली की सगळ्या आल्या' ला कोर्टातलं उत्तर आहे, जरा लांब आहे पण वाचाच.

जनरल मोटर्सचा सेंट लुईसचा कारखाना. १९६४ च्या आधी कंपनी ब्लॅक बायकांना जवळजवळ घेतच नव्हती. गोऱ्या बायका होत्या, ऑफिसात. ब्लॅक पुरुष होते, कारखान्यात. मग नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा आला, ब्लॅक बायकांना घ्यायला लागले, आणि सत्तरच्या दशकात मंदी आली तेव्हा नियम काय, तर जो शेवटी आला तो आधी घरी. साहजिकच ब्लॅक बायकांची आख्खी रांग बाहेर. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ चा निकाल: कंपनी बायका घेते ना? घेते. ब्लॅक लोक घेते ना? घेते. मग भेदभाव कुठाय? दोन्हींचं मिळून वेगळं काही मागू नका. संपलं. या निकालावर १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ यांनी लेख लिहिला आणि पुढचं सगळं इंटरसेक्शनॅलिटी (दोन भेदभाव एकत्र आले की तिसराच होतो ते) वगैरे तिथून निघालं. म्हणजे हे कुणा प्राध्यापकाच्या डोक्यातून पडलेलं खूळ नाही, पाच बायकांच्या नोकऱ्या गेल्या त्यातून आलंय.

दलित बायकांच्या चळवळीने महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात हेच विचारलं होतं ना, स्त्रियांच्या संघटनेत आमची जात दिसत नाही आणि दलित संघटनेत आम्ही बायका दिसत नाही म्हणून.

खवचट_खान्देशी:
केस माहीत नव्हती. पण त्यावरून वेगळी योजनाच काढायची हे अजून पटत नाही. आणि पैसे कुठून आणणार? जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स भरताना आधीच घाम फुटतो.

निखिल_प्लेन्सबरो:
जर्सीच्या पगारी रजेचे पैसे प्रॉपर्टी टॅक्समधून येत नाहीत हो, आपल्याच पगारातून कापतात, पे स्टबवर एफएलआय (फॅमिली लीव्ह इन्शुरन्स) लिहिलेलं असतं ते. २००९ पासून आहे, २०२० च्या जुलैपासून १२ आठवडे आणि पगाराच्या ८५ टक्के, वर कमाल मर्यादा आहे. मी दोन्ही मुलांच्या वेळी घेतली. फेडरल कायदा १९९३ चा, १२ आठवडे पण बिनपगारी, आणि ५० माणसांपेक्षा छोट्या कंपनीला लागूच नाही.

गोम इथे आहे की रजेचे पैसे सगळ्यांच्या कापतात पण घ्यायचं धाडस कोण करतं? मी आयटीत, मॅनेजर म्हणाला एन्जॉय. नेल सलूनमधली किंवा वेअरहाऊसमधली बाई छोट्या मालकाकडे असेल तर तिला पैसे मिळतील पण परत आल्यावर नोकरी असेल याची हमी नाही. म्हणजे ती हप्ते भरते आणि रजा मी घेतो. सोनचाफा, दुसरा मुद्दा नुसता 'पगारी रजा' असा नेऊ नका, रजा आहेच, 'छोट्या ठिकाणीसुद्धा नोकरी परत मिळण्याची हमी' असा न्या.

दुपारची_झोप:
हे सगळं बरोबर असेल पण मला एक कळत नाही की आपल्याला स्वतःचं मागायची एवढी लाज का वाटते?? मी एम.टेक. आहे, पाच वर्षं कपडे घड्या घालतेय कारण नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो अर्ज) अप्रूव्ह व्हायच्या आधी त्याने कंपनी बदलली. एच-४ ला कामाची परवानगी मिळायला लागली २०१५ ला, ती पण फक्त त्या टप्प्यावर पोचलेल्यांच्या बायकांना, आणि त्यावर लगेच केस पडली ती वर्षानुवर्षं चालली, २०२४ ला अपील कोर्टाने नियम टिकवला तोपर्यंत दर दोन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर अफवा. ज्यांच्यावर ही वेळ येते त्यातल्या बहुतेक भारतातल्या बायका. आकडा १०.७ आहे म्हणून आम्ही सुखी??

आणि घरात मारहाण असेल तर? व्हिसा नवऱ्याच्या नावाला टांगलेला, बँक अकाउंट त्याचं, गाडी त्याची, पासपोर्ट पण त्याच्या कपाटात. मृत्यूच्या तक्त्यात ही बाई येतच नाही.

वकीलीणबाई:
झोप, राग शंभर टक्के मान्य. मार खाणाऱ्या एच-४ बायकांना स्वतःच्या नावावर कामाची परवानगी मागता येते, २००५ च्या कायद्यात तशी सोय झाली पण फॉर्म निघायला २०१७ उजाडलं, आणि बहुतेक जणींना ती माहीतच नाही. इथे जर्सीत १९८५ पासून मानवी ही संस्था आहे, साऊथ एशियन बायकांसाठी अमेरिकेतली पहिली. हे सोनचाफाने मीटिंगमध्ये नक्की मांडावं.

पण एच-४ ची परवानगी वॉशिंग्टनच्या हातात आहे. राज्याने काय करावं या यादीत ती मागणी ठेवली तर सगळे माना डोलावतील आणि तीनातला एक मुद्दा वाया जाईल. राज्याकडे मागता येईल ते असं: आपल्या भाषांमधल्या हेल्पलाइन आणि शेल्टरला पैसे, कोर्टात आणि इमर्जन्सी रूममध्ये दुभाषा, आणि दुभाषा म्हणून नवऱ्याला उभं करायला सक्त बंदी.

अनुराधा_ह्यूस्टन:
शेवटच्या वाक्याला हजार वेळा +१. नवरा 'भाषांतर' करताना बाई चार वाक्यं बोलते आणि तो म्हणतो, शी इज फाइन.

मंगल_बेबीसिटर:
मी नेहमी वाचते, लिहीत नाही जास्त. टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या.

मी मुलं सांभाळते, आधी एका आजींना सांभाळत होते. आपल्याच लोकांच्या घरी. जर्सीत घरकाम करणाऱ्यांचा कायदा झाला, २०२४ च्या जानेवारीत सही आणि जुलैपासून लागू. लेखी करार पाहिजे, जेवायला सुट्टी पाहिजे, काढायचं तर आधी नोटीस पाहिजे. मला ते आमच्या ग्रुपमधल्या एका फिलिपिनो ताईने सांगितलं. तिच्या मालकीणबाईंनी करार करून दिला. मी आमच्या वहिनींना विचारलं तर म्हणाल्या अगं मंगल तू तर घरच्यासारखी आहेस, कागद कशाला. घरच्यासारखी म्हणून शनिवारी पण बोलावतात, त्याचे पैसे घरच्यासारखेच म्हणजे नाहीत.

इथे सगळे रजेचं बोलताय ते चांगलंच आहे. तुम्ही रजेवरून परत जाता तेव्हा मूल माझ्याकडे असतं.

सोनचाफा_एनजे:
मंगलताई, लिहीत जा हो. हे मी यादीत घेतेय, नुसतं घेत नाही वर घेतेय.

विदा_वेडा:
मंगलताईंच्या मुद्द्यामागे इतिहास आहे. कामाचे तास आणि किमान वेतनाचा मोठा फेडरल कायदा झाला १९३८ ला, त्यातून दोन प्रकारची कामं बाहेर राहिली: शेतमजुरी आणि घरकाम. दक्षिणेत तेव्हा ही कामं मुख्यतः ब्लॅक लोक करायचे, आणि दक्षिणेच्या मतांशिवाय कायदा पास होत नव्हता. घरकाम आत यायला १९७४ उजाडलं, आणि म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी पळवाट तरीही राहिली, ती बुजवणारा नियम २०१३ मध्ये निघाला. मंगलताईंनी आजींना सांभाळलं ना, तेच काम. न्यूयॉर्क २०१० ला घरकामगारांचा कायदा करणारं पहिलं राज्य, जर्सीला आणखी चौदा वर्षं लागली. आता कायदा आहे पण घरात जाऊन तपासणार कोण? म्हणून मागणी 'कायदा करा' नाही, 'अंमलबजावणीला माणसं आणि पैसे द्या, आणि बायकांना त्यांच्या भाषेत सांगा' अशी हवी.

मेसावरून:
न्यू मेक्सिकोतून. माफ करा, पण एवढ्या चर्चेत नेटिव्ह (इथल्या मूळनिवासी) बायका कुठेच नाहीत. सोनचाफाच्या चार आकड्यांतही नाहीत. आमच्या इथे रिझर्वेशनवर (नेटिव्ह टोळ्यांच्या राखीव प्रदेशात) बाहेरच्या माणसाने बाईला मारलं तर टोळीच्या कोर्टाला त्याच्यावर खटलाच चालवता येत नव्हता, १९७८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे. २०१३ ला घरगुती हिंसेपुरता अधिकार परत आला, २०२२ ला लैंगिक हल्ले वगैरे त्यात आले. हरवलेल्या बायकांच्या नोंदी पोलीस खाती एकमेकांना नीट देत नाहीत म्हणून २०२० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. जर्सीच्या मीटिंगमध्ये याचं काही होणार नाही हे कळतं. पण वुमन ऑफ कलर म्हणून पाटी लावताय तर निदान माहीत असावं.

कोथरूडकर:
पॉपकॉर्न घेऊन वाचतोय. अवांतर: आपल्याकडे आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप बघते. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू कमी करून दाखवले, त्यातूनच पुढे आशांकडे ते काम आलं. एवढ्या श्रीमंत देशात नर्स घरी येत नाही??

सोनचाफा_एनजे:
कोथरूडकर, जर्सीत येते आता! २०२१ ला कायदा झाला, २०२४ च्या जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने सुरू. बाळ झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत नर्स घरी, फुकट, इन्शुरन्स असो नसो, कागदपत्रं असोत नसोत. आमच्या मिडलसेक्स काउंटीत पहिल्या टप्प्यातच आलं. मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) डुलाचे (बाळंतपणात सोबत करणारी शिकलेली मदतनीस) पैसेही २०२१ पासून मिळतात. आणि मेडिकेडचं कव्हर आधी बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपायचं ते आता वर्षभर, जर्सी हे करणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी. देशातल्या दर १० बाळंतपणांमधली साधारण ४ मेडिकेडवर होतात, ब्लॅक बायकांमध्ये तर निम्म्याहून जास्त, म्हणून हे मी एक नंबरला ठेवलं होतं.

अनुराधा_ह्यूस्टन:
टेक्सासलाही वर्षाचं झालं, उशिरा का होईना. पण आमच्याकडे मेडिकेड मुळात वाढवलंच नाही (बाकी गरीब मोठ्या माणसांनाही दिलं नाही), त्यामुळे बाई गरोदर राहिली की कव्हर मिळतं, बाळ वर्षाचं झालं की परत जातं. मग दोन बाळांच्या मधे तिचं बीपी, साखर कोण बघणार? ती पुढच्या वेळी येते तेव्हा आजार घेऊनच येते.

आणि आता २०२५ च्या जुलैचा फेडरल कायदा. २०२७ पासून मेडिकेड वाढवलेल्या राज्यांमध्ये, म्हणजे तुमच्याकडे, महिन्याला ८० तास काम केल्याचं दाखवावं लागणार. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना सूट आहे, कागदावर. आर्कान्सामध्ये २०१८ ला अशीच अट लावली होती, काही महिन्यांत १८,००० च्या आसपास लोकांचं कव्हर गेलं, आणि त्यातले बरेच काम करत होते किंवा सूट मिळण्यात बसत होते, फॉर्मच भरला गेला नाही. सोनचाफा, तुझा पहिला मुद्दा हाच कर: सूट असलेल्या बाईला फॉर्म भरायला लावू नका, राज्याकडे तिच्या बाळंतपणाची नोंद आहे ना, त्यावरून आपणच टिक करा.

विदा_वेडा:
हे फार भारी आहे. पैसेही फार लागत नाहीत, खान्देशी खूश.

रच्याकने, आपल्या १०.७ बद्दल. एशियन म्हणून एका गाठोड्यात चिनी, कोरियन, भारतीय, बांगलादेशी सगळे. आपल्या बायकांमध्ये गरोदरपणातला डायबिटीस कितीतरी जास्त, आणि वजन 'नॉर्मल' असतानाही साखर वाढते, म्हणून एशियन लोकांची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ऐवजी २३ पासून करा असं २०१५ पासून सांगितलं जातंय. गाठोडं सोडा, गटवार आकडे द्या, ही मागणी एका ओळीची आहे. केंद्रानेही २०२४ मध्ये वर्गवारी बारीक करायचं ठरवलंय. ही आपल्या नावाने मागता येईल आणि शेजारच्या ब्लॅक बाईच्या ताटातलं काही जात नाही.

सोनचाफा_एनजे:
ओके. सगळं वाचून नवीन क्रम:
१. बाळंतपणानंतरचं वर्ष. कव्हर आपोआप चालू राहावं, फॉर्म नको. घरची नर्स सगळ्या काउंटीत. आणि हॉस्पिटलांनी मोजमाप करून आकडे गटवार जाहीर करावेत, म्हणजे विदाचाही मुद्दा यातच बसला.
२. घरकाम आणि छोट्या ठिकाणी काम करणाऱ्या. करार, अंमलबजावणी, रजेनंतर नोकरी.
३. हिंसा आणि भाषा. हेल्पलाइन, शेल्टर, दुभाषा.
एच-४ वेगळं पत्र करून काँग्रेसमनला.

आणि पहिल्या मुद्द्यावर मी बोलणार नाहीये. त्या दोघींपैकी एक डुला आहे, ती बोलेल, मी दुजोरा देईन. मी दोनपासून.

दुपारची_झोप:
म्हणजे आमचं परत पत्रात. छान.

वकीलीणबाई:
झोप, पत्राचा मसुदा मी करते, तुझी हकीकत नावाशिवाय घालू का? विपू (निरोप) कर.

दुपारची_झोप:
नावासकट घाला. पाच वर्षं नाव कुठे वापरलंच नाहीये.

खवचट_खान्देशी:
सोनचाफा, तुमच्या मीटिंगला बाहेरच्याला बसता येतं का? प्रश्न विचारणार नाही, ऐकायला येईन. दुसरं, आमच्याकडे एक ताई येतात मुलाला बघायला. तो कराराचा कागद कुठे मिळतो?

मंगल_बेबीसिटर:
लेबर डिपार्टमेंटच्या साईटवर बघा. आणि शनिवारचं वेगळं लिहा त्यात.